ब्रॉन्को नागुर्स्की : एका बलाढ्य गड्याचे गुणदोष

थोरांची चरित्रे लिहिण्याची एक रूढ रीत आहे. नायकाचे गुण तेवढे निवडून घ्यावयाचे, दोषांवर पांघरूण घालावयाचे आणि शेवटी वाचकास हात जोडावयास लावावयाचे. अशी चरित्रे वाचावयास गोड वाटतात. परंतु ज्याच्यात उणे असे काहीच नव्हते, त्याच्यापासून उणिवांनी भरलेल्या मुलाने काय शिकावे? सबब ह्या खेपेस आम्ही एका खेळाडूचे चरित्र निराळ्या रीतीने सांगणार आहो. त्याचे गुण एका पारड्यात व दोष दुसऱ्या पारड्यात घालून काटा कोणीकडे झुकतो हे पाहावे, आणि ते गुण व ते दोष मुळात आले कोठून ह्याचाही शोध घ्यावा, असा आमचा विचार आहे. हा खेळाडू म्हणजे अमेरिकेतील शिकागो बेअर्स ह्या धंदेवाईक फुटबॉल संघाचा नामांकित गडी ब्रॉन्को नागुर्स्की होय.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस फुटबॉल म्हणजे पायाने खेळावयाचा खेळ एवढेच ठाऊक असेल. अमेरिकेत ह्या नावाने जो खेळ चालतो तो अगदी वेगळा आहे. त्याचा चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता असतो. तो हाती घेऊन धावावयाचे किंवा सोबत्याकडे फेकावयाचा. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी असतात. एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत मैदान 100 यार्ड लांब असते. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्याने चार खेपांत 10 यार्ड पुढे सरकावयाचे. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. बचाव करणाऱ्या पक्षाची पहिली फळी चेंडूसमोर वाकून उभी असते, आणि तिच्या पाठीशी काही पावलांवर जे गडी उभे राहतात त्यांस लाइनबॅकर म्हणतात. फळी फोडून कोणी आत शिरला, तर त्यास अंगावर घेऊन पाडणे हे त्यांचे काम. हुतूतूत चढाईस आलेल्या गड्याचा पाय नेमका केव्हा धरावा हे जाणणारा एखादा कसलेला गडी प्रत्येक संघात असतो. त्याच्याशी लाइनबॅकरचे थोडेफार साम्य आहे.

हल्ली चढाईचे गडी वेगळे व बचावाचे गडी वेगळे असतात. नागुर्स्कीच्या काळी तसे नव्हते. मैदानाबाहेर गेलेल्या गड्यास परत घेण्यावर कडक निर्बंध असल्यामुळे तेच अकरा जण चढाईही करीत आणि बचावही करीत. नागुर्स्की चढाईच्या वेळी फुलबॅक होऊन चेंडू घेऊन धावे, आणि चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की तोच मागे सरून लाइनबॅकर होई. म्हणजे ह्या बाजूस जो दार फोडी, तोच त्या बाजूस दाराला आडणा होई.

त्याचा जन्म 3 नोव्हेंबर 1908 रोजी कॅनडातील रेनी रिव्हर ह्या गावी झाला. आईबाप युक्रेनियन वंशाचे. मूल लहान असतानाच हे कुटुंब सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या मिनेसोटा प्रांतातील इंटरनॅशनल फॉल्स ह्या गावी येऊन राहिले. हा मुलूख कडक थंडीचा, जंगलांचा व लाकडाच्या धंद्याचा. बापाचे किराणा मालाचे दुकान होते. मुलाने दुकानाचा माल पोचवावा, शेतात राबावे, लाकूडकामास जावे, असे बालपण गेले. ब्रॉन्को हे नावदेखील शाळेतच पडले असे सांगतात. आईचा परदेशी उच्चार बाईंस नीट कळला नाही, आणि त्यांनी जे ऐकले ते पटावर लिहिले, ते जन्मभर राहिले.

शाळेतील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. दोघा मुलांच्या वर्तनाबद्दल मुख्याध्यापकांनी साऱ्या संघाचा एका स्पर्धेचा प्रवास रद्द केला. ब्रॉन्कोचा त्यात काही दोष नव्हता. त्यास हे लागले, आणि शेवटच्या वर्षी तो ती शाळा सोडून बेमिजी गावच्या शाळेत गेला. तेथे परगावाहून बदलून आलेला म्हणून त्यास संघातून खेळण्यास मनाई झाली, आणि ते सबंध वर्ष खेळाविना गेले. मनास जे पटेल त्याच्याकडे सरळ चालत जावयाचे, मध्ये भिंत आहे की खड्डा हे पाहावयाचे नाही, हा त्याचा स्वभाव येथे प्रथम दिसतो. हा स्वभाव वाचकांनी ध्यानात ठेवावा. कारण पुढच्या साऱ्या गुणदोषांचे मूळ आम्हांस त्यातच आढळते.

मिनेसोटा विद्यापीठाचे शिक्षक डॉक्टर स्पिअर्स ह्यांनी त्यास हेरले. त्याविषयी एक आख्यायिका अमेरिकेतील मुलांस तोंडपाठ आहे. स्पिअर्स वाट चुकले असता शेतात नांगर धरलेल्या एका तरुणास त्यांनी रस्ता विचारला, आणि त्या तरुणाने बोटाऐवजी नांगरच उचलून दिशा दाखविली, अशी ती कथा. ती खुद्द स्पिअर्स ह्यांनीच रचली होती. तथापि जे ऐकत त्यांस ती खोटी वाटत नसे, ह्यावरून गड्याच्या ताकदीची कल्पना यावी. तो 6 फूट 2 इंच उंच होता व वजन 226 पौंड होते. पुढे विजयाची अंगठी करवून घेताना त्याच्या बोटाचे माप साडेएकोणीस निघाले. तेवढी अंगठी सामान्य माणसाच्या दोन बोटांतून सहज जावी.

1927 ते 1929 ह्या तीन हंगामांत तो विद्यापीठाकडून खेळला. त्या अवधीत मिनेसोटाने 18 सामने जिंकले, 4 गमावले व 2 बरोबरीत सोडविले. 1928 साली विस्कॉन्सिनशी झालेल्या सामन्यात त्याच्या पाठीच्या मणक्यास इजा झालेली असल्यामुळे तो कमरेस बळकट पट्टा आवळून उतरला होता. प्रतिपक्षाच्या हातून निसटलेला चेंडू त्याने पकडला, आणि मग एकापाठोपाठ सहा वेळा स्वतःच चेंडू घेऊन धडका देत गोलरेषा गाठली. सामना 6–0 असा जिंकला. 1929 साली देशातील निवडक खेळाडूंच्या याद्या निघाल्या, तेव्हा कोणी त्यास पहिल्या फळीतील टॅकल म्हणून, तर कोणी फुलबॅक म्हणून निवडले. एकाच वर्षी दोन निरनिराळ्या जागांसाठी असा मान मिळणे ही अपूर्व गोष्ट होती.

1930 साली शिकागो बेअर्सचे चालक जॉर्ज हॅलास ह्यांनी त्यास वर्षाला 5,000 डॉलरवर संघात घेतले. लवकरच अमेरिकेत मंदीची लाट आली. पुढच्या वर्षी वेतन 4,500 झाले व त्याच्या पुढच्या वर्षी 3,700. खेळ वाढत होता आणि मोबदला उतरत होता. तरीही तो खेळत राहिला.

आता तराजू हाती घेऊ. येथे प्रथम एक अडचण सांगितली पाहिजे. त्या काळच्या लीगमध्ये अधिकृत आकडे ठेवण्यास 1932 साली आरंभ झाला. आणि ते आकडेही चेंडू घेऊन कोण किती यार्ड धावला, कोणी किती यार्ड फेकला, अशाच गोष्टींचे. किती जणांस अडवून पाडले ह्याची मोजदाद कोणी करीत नसे. म्हणजे लाइनबॅकर म्हणून त्याने जे केले त्याचे गणित वहीत नाहीच. जे मोजले गेले नाही त्याची किंमत मग कशी करावी? तीन ठिकाणी पाहावे, असे आम्हांस वाटते : सोबत्यांस त्याचा काय उपयोग झाला, प्रतिपक्षास त्याच्यासाठी काय करावे लागले, आणि तो ज्या ठिकाणी हरला तेथे का हरला.

सोबत्यांची साक्ष प्रथम घेऊ. 1934 साली बेअर्सचा नवा गडी बीटी फेदर्स ह्याने एका हंगामात 1,004 यार्ड धाव घेतली. लीगच्या इतिहासात हजाराचा आकडा गाठणारा तो पहिलाच. त्याच हंगामात नागुर्स्कीच्या नावावर 586 यार्ड आहेत. वही पाहणारा म्हणेल की, फेदर्स श्रेष्ठ. परंतु फेदर्सच्या पुढे धावून, आडव्या येणाऱ्यांस खांद्याने बाजूस सारून वाट मोकळी करून देणारा बहुधा नागुर्स्कीच असे. पुढील वर्षांत फेदर्सच्या धावा त्या आकड्याच्या निम्म्यापर्यंतही पोचल्या नाहीत. फेदर्सला त्याच हंगामात दुखापत झाली होती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. साराच मान नागुर्स्कीला देणे बरोबर होणार नाही. तरीपण त्या हजार यार्डांत त्याच्या खांद्याचा वाटा मोठा होता, ह्याविषयी जाणत्यांत दुमत नाही.

प्रतिपक्षाची साक्ष ह्याहून बोलकी आहे. नागुर्स्की वाकडातिकडा पळत नसे. हुलकावणी देणे, अंग चोरणे, ह्या कला त्याच्यापाशी बेताच्याच होत्या. मान खाली, खांदा पुढे, आणि सरळ रेषा, एवढेच त्याचे शास्त्र. ते सर्वांस ठाऊक असल्यामुळे तो पुढे झेपावला की प्रतिपक्षाचे गडी मध्यभागी दाटी करीत. ह्या दाटीचाच त्याने एकदा उपयोग करून घेतला. 18 डिसेंबर 1932 रोजी पोर्ट्स्मथ स्पार्टन्सशी अजिंक्यपदासाठी सामना होता. बाहेर बर्फ व कडाक्याची थंडी, म्हणून तो शिकागो स्टेडियम ह्या छपराखालच्या इमारतीत, सुमारे 80 यार्डांच्या आखूड मैदानावर खेळविण्यात आला. शेवटच्या भागापर्यंत कोणासही गुण मिळाला नव्हता. गोलरेषा जवळ असताना चेंडू नागुर्स्कीकडे आला. सारे त्यास थोपविण्यास एकवटले. तो धावल्यासारखे करून थांबला, मागे सरला आणि गर्दीवरून रेड ग्रेंजकडे चेंडू फेकला. बेअर्स 9–0 जिंकले. चेंडू फेकणाराने फळीपासून निदान 5 यार्ड मागे असावे असा तेव्हा नियम होता. तो मोडला अशी पोर्ट्स्मथने तक्रार केली, पण ती पंचांनी मानली नाही. पुढे 1933 साली हा नियमच बदलून फळीमागे कोठूनही चेंडू फेकण्याची मुभा देण्यात आली, आणि आजच्या खेळातील लांबलांब फेकींस वाट मोकळी झाली. त्याच वर्षी 17 डिसेंबरला न्यूयॉर्क जायंट्सशी झालेला अंतिम सामना बेअर्सनी 23–21 असा जिंकला, तेव्हाही नागुर्स्कीच्या दोन फेकींतून दोन टचडाउन झाले. ज्याचा सरळपणा जगजाहीर आहे, त्याने क्वचित केलेली युक्ती फार खोल जाते.

आता दुसरे पारडे. जी सरळ रेषा त्याचे बळ होती, तीच त्याची मर्यादाही होती. लाइनबॅकरच्या अंगी बळाबरोबर चपळाई लागते. समोरचा गडी ऐन वेळी काय करील ह्याविषयी मन मोकळे ठेवावे लागते. ग्रीन बे पॅकर्सचा क्लार्क हिंकल हा वजनाने त्याच्याहून हलका. एका सामन्यात नागुर्स्कीने त्यास कडेच्या रेषेकडे कोंडले. हिंकल आता रेषेबाहेर जाईल असाच रंग होता. तोच हिंकल उलटा फिरला व सरळ त्याच्यावर चालून गेला. त्या टकरीत नागुर्स्कीचे नाक मोडले, आणि त्यास मैदान सोडावे लागले. जो डाव तो आजवर इतरांवर खेळत आला, तोच त्याच्यावर उलटला.

दुसरा दाखला 1934 च्या अंतिम सामन्याचा. त्या हंगामात बेअर्सनी तेराच्या तेरा सामने जिंकले होते. 9 डिसेंबरला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जमीन गोठून काचेसारखी झाली होती. तीन भाग संपेपर्यंत बेअर्स 13–3 असे पुढे होते. जायंट्सनी मात्र मध्यंतरात खिळ्यांचे बूट काढून रबरी तळव्यांचे जोडे घातले होते. त्यांनी शेवटच्या भागात 27 गुण मिळविले व सामना 30–13 असा जिंकला. बळ तेच, गडी तेच. पण बळास उभे राहण्यास जमीन लागते. पाय ठरत नसेल तेथे 226 पौंडांचा काय उपयोग?

तिसरा दाखला 1937 चा. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा तरुण खेळाडू सॅमी बॉ ह्याने लांब फेकींवर तीन टचडाउन मिळवून दिले, आणि बेअर्स 28–21 असे हरले. हा पराभव एकट्या नागुर्स्कीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि खेळ जमिनीवरून हवेत चालला होता, हे त्या दिवशी उघड झाले. डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूस खांदा अडवू शकत नाही.

परंतु सर्वांत मोठा दोष आम्हांस मैदानाबाहेर दिसतो. घटत्या वेतनामुळे त्याने धंदेवाईक कुस्तीही पत्करली होती. 1937 च्या जून महिन्यात डीन डेटन ह्यास पाडून त्याने जगज्जेतेपदाचा एक किताब मिळविला. त्या धंद्यातील कुस्त्यांचे निकाल बहुधा आधीच ठरलेले असत, हे आता सर्वश्रुत आहे. आणि त्याचा ठेवणीतला डाव म्हणजे धावत येऊन दिलेली खांद्याची धडक, हाही फुटबॉलमधूनच आणलेला. त्याच वर्षी तीन आठवड्यांच्या अवधीत तो बेअर्सकडून पाच सामने खेळला व आठ निरनिराळ्या शहरी कुस्त्या लढला. देह लोखंडाचा असला तरी लोखंडही झिजते. दुसऱ्या महायुद्धात घोट्याच्या व गुडघ्याच्या जुन्या दुखण्यांमुळे तो सैन्यास अपात्र ठरला, आणि उतारवयात सांधेदुखीने त्यास फार छळले. थांबावे केव्हा, हे त्यास उमगले नाही. एवढे मात्र खरे की, त्याच्या हौसेपेक्षा त्याच्या गरजेने त्यास अधिक राबविले; घर चालविणाऱ्या वडील मंडळीस हे वेगळे समजावून सांगावयास नको.

1937 च्या हंगामानंतर वेतनाच्या बोलण्यात हॅलास ह्यांच्याशी मेळ पडेना, म्हणून त्याने फुटबॉल सोडला. सहा वर्षांनी युद्धामुळे गडी मिळेनात, तेव्हा 1943 साली त्याच हॅलास ह्यांनी त्यास परत बोलाविले. वय पस्तिशीला आलेले. त्याने पहिल्या फळीत टॅकलची जागा पत्करली, जेथे चेंडू हाती येत नाही व नावही होत नाही. हंगामाच्या शेवटच्या साखळी सामन्यात शिकागो कार्डिनल्सविरुद्ध बेअर्स 24–14 असे मागे पडले होते. शेवटच्या भागात त्यास पुन्हा फुलबॅकच्या जागी उभे केले. मान खाली, खांदा पुढे, आणि सरळ रेषा! तेच जुने शास्त्र पुन्हा चालले, आणि बेअर्स 35–24 जिंकले. मग 26 डिसेंबरच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा 41–21 असा पराभव झाला. त्यात एक टचडाउन नागुर्स्कीचे होते. त्यानंतर तो धंदेवाईक फुटबॉल पुन्हा खेळला नाही.

कुस्ती मात्र 1960 पर्यंत चालली. ती सोडल्यावर इंटरनॅशनल फॉल्समध्येच त्याने मोटारींच्या पेट्रोलचे दुकान चालविले. तो टाकीचे झाकण इतके घट्ट पिळी की, ते उघडण्यासाठी गिऱ्हाइकास पुन्हा त्याच्याकडेच यावे लागे, असा विनोद गावात रूढ होता. 1963 साली ओहायोतील कॅन्टन येथे धंदेवाईक फुटबॉलचे कीर्तिमंदिर उघडले, तेव्हा पहिल्या सतरा मानकऱ्यांत त्याचे नाव होते. पुढच्या वर्षी क्लार्क हिंकल ह्यास तो मान मिळाला, आणि समारंभात हिंकलची ओळख करून देण्यास उभा राहिला तो नागुर्स्की. ज्याने आपले नाक मोडले त्याचा गौरव करण्यास तो आनंदाने आला. स्वतःविषयी मात्र तो फार थोडे बोले. 7 जानेवारी 1990 रोजी 81 व्या वर्षी त्याच गावी त्याचे देहावसान झाले. 1993 सालापासून त्याच्या नावाने एक मानचिन्ह अमेरिकेच्या महाविद्यालयीन फुटबॉलमधील बचावाच्या सर्वोत्तम खेळाडूस दिले जाऊ लागले. ज्या कामाची मोजदाद त्याच्या हयातीच्या खेळात कोणी केली नाही, त्याच कामाच्या गौरवास त्याचे नाव लागले.

तर मग काटा कोणीकडे झुकला? आमच्या मते गुणांचे पारडे स्पष्टपणे जड आहे. पण ह्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, दोन्ही पारड्यांत घातलेला माल एकाच शेतात पिकलेला आहे. ज्या हट्टाने त्याचे शाळेतले एक वर्ष गेले, त्याच हट्टाने तो मोडक्या पाठीनिशी सहा वेळा धावला. ज्या सरळपणामुळे हिंकल त्यास फसवू शकला, त्याच सरळपणामुळे पोर्ट्स्मथचे अकरा गडी फसले. दोष उपटून टाकावयास गेलो असतो तर गुणाचेही मूळ हलले असते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या प्रगतिपुस्तकात आकडे असतात, आणि ते आम्हीच भरतो. त्या आकड्यांस आम्ही कमी लेखीत नाही. पण बीटी फेदर्सच्या 1,004 यार्डांपुढे वाट मोकळी करीत कोणी तरी धावत होता, हे त्या आकड्यात कोठे लिहिलेले नाही. वर्गातही असे गडी असतात. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलाच्या ज्या खोडीने आपण आज त्रासलो आहो, ती कोणत्या गुणाची दुसरी बाजू आहे हे एकवार पाहावे, आणि मगच छडीकडे हात न्यावा.